ऋतुकालगणना

ऋतुकालगणना : स्त्रीच्या ऋतुचक्राचे दिवस मोजून पुढील ऋतुस्राव केव्हा होईल आणि अंडमोचन (अंडकोशातून पक्व अंड बाहेर पडण्याची क्रिया) केव्हा घडेल, यांविषयी अंदाज बांधण्याची रीत. अपत्यप्राप्ती साधणे, ती टाळणे किंवा लांबविणे, धार्मिक विधींची योजना करणे, रोगनिदान करणे अशा निरनिराळ्या हेतूंनी ही गणना प्राचीन काळापासून होत आली आहे. तिच्या इतिहासात दोन प्रश्न सतत एकमेकांत गुंतलेले दिसतात. गणना बरोबर आहे की नाही, हा पहिला प्रश्न शरीरक्रियाविज्ञानाचा आहे. ती कोणी करावी आणि तिच्यावरून निर्णय कोणी घ्यावा, हा दुसरा प्रश्न सामाजिक आहे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर विसाव्या शतकात बऱ्याच अंशी मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मात्र त्यामुळे आपोआप मिळाले नाही. महाराष्ट्रातील या विषयाचा इतिहास हे विशेष स्पष्टपणे दाखवितो.

शरीरक्रियात्मक आधार : ऋतुचक्राची मोजणी ऋतुस्रावाच्या पहिल्या दिवसापासून पुढील ऋतुस्रावाच्या आदल्या दिवसापर्यंत करतात. हे चक्र सरासरीने २८ दिवसांचे मानले जात असले, तरी प्रौढ स्त्रीत २१ ते ३५ दिवसांचे चक्र प्राकृत समजले जाते आणि एकाच स्त्रीची लागोपाठची चक्रेही क्वचितच तंतोतंत सारखी असतात. चक्राचे दोन भाग पडतात. पूर्वार्धात अंडकोशातील पुटकाची (अंड धारण करणाऱ्या पिशवीची) वाढ होते. अंडमोचनानंतरच्या उत्तरार्धात त्याच पुटकाचे पीतपिंडात रूपांतर होऊन त्यातून प्रोजेस्टेरॉन हे हॉर्मोन स्रवते. पीतपिंडाचे आयुष्य बहुधा १२ ते १६ दिवसांचे असते व गर्भधारणा न झाल्यास तो ऱ्हास पावून ऋतुस्राव सुरू होतो. याउलट पूर्वार्धाचा काळ आजार, प्रवास, मानसिक ताण, कुपोषण, स्तनपान आणि वय यांनुसार पुष्कळच कमीजास्त होतो.

यावरून गणनेतील मूळ अडचण लक्षात येते. अंडमोचनाचा काळ पुढच्या ऋतुस्रावापासून मागे मोजल्यास बराचसा निश्चित सांगता येतो. परंतु तो ऋतुस्राव अद्याप आलेला नसतो. मागच्या ऋतुस्रावापासून पुढे मोजावे, तर पूर्वार्धाच्या अनिश्चिततेमुळे अंदाज चुकतो. केवळ दिनदर्शिकेवर आधारलेल्या सर्व पद्धतींची मर्यादा हीच आहे. शुक्राणू स्त्रीशरीरात सु. पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात, तर अंड अंडमोचनानंतर एक दिवसापेक्षा जास्त काळ फलनक्षम राहत नाही. त्यामुळे गर्भधारणेस अनुकूल असे सु. सहाच दिवस प्रत्येक चक्रात असतात व त्यांतील अखेरचा दिवस अंडमोचनाचा असतो. ॲलन विलकॉक्स व त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत २२१ स्त्रियांच्या दैनंदिन मूत्रतपासणीवरून १९९५ मध्ये हे दाखवून दिले. हे सहा दिवस चक्राच्या १० ते १७ या दिवसांतच पडतात असे पूर्वी समजत; पण त्याच संशोधकांच्या २००० सालच्या निष्कर्षानुसार केवळ सु. ३० टक्के स्त्रियांतच ते पूर्णपणे या मर्यादेत आढळले.

प्राचीन भारतीय विचार : ‘ऋतु’ हा शब्द वर्षाच्या कालविभागाप्रमाणेच स्त्रीच्या गर्भधारणायोग्य काळालाही लावला गेला. योग्य काळी पेरलेले बीज रुजते, ही कृषिजीवनातील कल्पना त्यामागे आहे. सुश्रुत व वाग्भट यांनी ऋतुकाल बारा रात्रींचा मानला आहे. दिवस मावळल्यावर कमळ मिटते, त्याप्रमाणे ऋतुकाल संपल्यावर गर्भाशयाचे द्वार मिटते, असा दृष्टांत सुश्रुतसंहितेत दिलेला आहे. आर्तवाचा आरंभ बाराव्या वर्षी व अंत पन्नासाव्या वर्षी होतो, असेही तीत म्हटले आहे. मनुस्मृती व याज्ञवल्क्यस्मृती यांत ऋतुकाल सोळा रात्रींचा असून त्यांतील पहिल्या चार रात्री वर्ज्य सांगितल्या आहेत. सम रात्री पुत्रासाठी व विषम रात्री कन्येसाठी, असा विभागही स्मृतींत आढळतो. अपत्याचे लिंग शुक्राणूतील गुणसूत्रावर अवलंबून असल्यामुळे या विभागाला शास्त्रीय आधार नाही.

सोळा रात्रींची मर्यादा मात्र निरीक्षणापासून फार दूर नव्हती. २८ दिवसांच्या चक्रात अंडमोचन चौदाव्या दिवसाच्या आसपास होते व अनुकूल दिवस साधारणपणे नवव्या ते चौदाव्या दिवसांत पडतात; म्हणजे ते या मर्यादेत येतात. ३५ दिवसांच्या चक्रात अंडमोचन एकविसाव्या दिवसाच्या सुमारास होत असल्याने ही मर्यादा अपुरी ठरते. ग्रीक-रोमन परंपरेतील सोरेनस (इ. स. दुसरे शतक) या वैद्याने ऋतुस्राव थांबण्याच्या सुमाराचा काळ गर्भधारणेस सर्वांत अनुकूल मानला होता. त्याच्या मानाने भारतीय ग्रंथकारांची कल्पना वस्तुस्थितीला अधिक जवळची होती. मात्र ही गणना संतानप्राप्तीच्या कर्तव्यासाठी सांगितलेली असून तिचा उपदेश मुख्यतः पतीला उद्देशून होता.

घरगुती गणना व भाषा : मराठी कुटुंबात लेखी नोंद नसतानाही ऋतुचक्राची गणना काटेकोर होत असे. ‘पाळी’ म्हणजे क्रमाने येणारी वेळ. ‘पाळी चुकणे’, ‘दिवस जाणे’, ‘दिवस राहणे’ या शब्दप्रयोगांत मोजणीची कल्पना उघड आहे. तीन दिवस बाजूला बसणे व चौथ्या दिवशी न्हाणे या रूढीमुळे प्रत्येक स्त्रीची तारीख घरातील सर्वांना ठाऊक होई. ‘कावळा शिवला’ असे मुलांना सांगितले जाई. पण एखादी सून महिना उलटूनही बाजूला बसली नाही, की तिला दिवस गेल्याचे तिने काही सांगण्यापूर्वीच सासूला समजे. स्पर्शास्पर्शाच्या नियमाने अशा रीतीने घरगुती दिनदर्शिकेचे काम केले. भाद्रपद शुद्ध पंचमीस करावयाचे ऋषिपंचमीचे व्रत रजस्वलावस्थेत घडलेल्या स्पर्शदोषाच्या निवारणार्थ सांगितले गेले. गडचिरोली जिल्ह्यातील माडिया समाजात गावाबाहेरच्या स्वतंत्र झोपडीत, म्हणजे ‘कुर्माघरा’त, हे दिवस काढण्याची चाल आहे.

या पद्धतीने पाळीची तारीख कळे, तिचे कारण कळत नसे. ऋतुस्रावाला अशौच मानल्यामुळे त्याविषयी मोकळेपणाने बोलणे शक्य नव्हते. त्यामुळे अनेक मुलींना प्रथम ऋतुप्राप्तीपूर्वी कोणतीच माहिती मिळत नसे. दिवस सर्वांच्या देखत मोजले जात. पण ज्या शरीराचे ते दिवस असत, त्याविषयीचे ज्ञान मात्र त्या स्त्रीला दिले जात नसे.

संमतिवयाचा वाद : सोळा रात्रींच्या गणनेला महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात सर्वांत मोठे महत्त्व १८९१ मध्ये आले. मुलीला न्हाण आले, म्हणजे तिला मखरात बसवीत व त्यानंतर गर्भाधान विधी (फलशोभन) करीत. प्रथम ऋतुदर्शनानंतर सोळा रात्रींच्या आत हा विधी झाला पाहिजे, असे सनातनी पक्षाचे मत होते. बेहरामजी मलबारी यांनी १८८४ मध्ये बालविवाहाविरुद्ध चळवळ सुरू केली. कलकत्त्यात फुलमणी या बालवधूचा पतीच्या समागमामुळे मृत्यू झाल्यानंतर (१८८९) विवाहित मुलींच्या संमतिवयाचा प्रश्न तातडीचा बनला. भारतीय दंडसंहितेतील ही वयोमर्यादा दहावरून बारा वर्षांवर नेणारे विधेयक जानेवारी १८९१ मध्ये मांडले गेले.

एखादी मुलगी बारा वर्षांपूर्वी ऋतुमती झाली तर गर्भाधान वेळेवर करता येणार नाही, सबब हा कायदा धर्मात हस्तक्षेप करतो, असा आक्षेप लोकमान्य टिळकांनी घेतला. रा. गो. भांडारकर यांनी धर्मग्रंथांच्या आधारेच त्याला उत्तर दिले. पहिल्याच ऋतूत गर्भाधान झाले पाहिजे असे शास्त्राचे बंधन नाही, अशी त्यांची मांडणी होती. का. त्रिं. तेलंग यांनीही विधेयकाचा पुरस्कार केला. स्त्री-डॉक्टरांनी सरकारकडे अर्ज करून बालवधूंना झालेल्या गंभीर इजांची उदाहरणे पुढे ठेवली. १९ मार्च १८९१ रोजी कायदा संमत झाला. या वादात प्रथम ऋतुप्राप्तीचे वय, सोळा रात्रींचा अर्थ आणि प्रायश्चित्ताची तरतूद यांवर विपुल लिहिले गेले. ज्या मुलींच्या ऋतुकालाची ही गणना चालली होती, त्यांचे म्हणणे मात्र सार्वजनिक चर्चेत जवळजवळ आले नाही. ऋतुप्राप्ती आणि मातृत्वास लागणारी शारीरिक पक्वता या दोन निराळ्या गोष्टी आहेत, हा वैद्यकीय मुद्दा या निमित्ताने प्रथमच व्यापक प्रमाणावर लोकांपुढे आला.

यूरोपातील चूक व तिची दुरुस्ती : कार्ल फोन बेअर यांनी १८२७ मध्ये सस्तन प्राण्याचे अंड शोधून काढले. त्यानंतर टेओडोर बिशोफ यांनी कुत्रीवरील निरीक्षणांवरून (१८४३) व फेलिक्स पुशे यांनी १८४७ मधील ग्रंथात अंडमोचन व रक्तस्राव यांचा निकट संबंध जोडला. कुत्रीला माजाच्या काळात रक्तस्राव होतो; त्यावरून स्त्रीचा ऋतुस्राव हाही तसाच प्रकार असावा असे अनुमान निघाले. परिणामी ऋतुस्रावाच्या आगेमागे गर्भधारणेचा धोका व चक्राच्या मध्यभागी सुरक्षितता, असा सल्ला एकोणिसाव्या शतकातील अनेक डॉक्टर देत. तो वस्तुस्थितीच्या नेमका उलटा होता. ज्या जोडप्यांनी तो विश्वासाने पाळला, त्यांनी अंडमोचनाचेच दिवस निर्धास्त मानले.

ही चूक दोन संशोधकांनी स्वतंत्रपणे सुधारली. जपानमधील निइगाता येथील स्त्रीरोगतज्ञ क्यूसाकू ओगिनो (१८८२–१९७५) यांनी उदरावरील शस्त्रक्रियांच्या वेळी अंडकोशाचे प्रत्यक्ष निरीक्षण केले आणि त्याची सांगड रुग्ण स्त्रियांच्या पाळीच्या तारखांशी घातली. अंडमोचन पुढील ऋतुस्रावापूर्वी १२ ते १६ दिवसांत होते, हा निष्कर्ष त्यांनी १९२४ मध्ये जपानी भाषेत व १९३० मध्ये जर्मन भाषेत प्रसिद्ध केला. मागून पुढे मोजण्याऐवजी पुढून मागे मोजावयाचे, ही त्यांची मुख्य कल्पना होय. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस (१८९२–१९७०) हेही १९२८ च्या सुमारास गर्भाशयाच्या आकुंचनांच्या अभ्यासातून अशाच निष्कर्षाप्रत आले. अपत्यहीन जोडप्यांना साहाय्य व्हावे हा ओगिनो यांचा हेतू होता. गर्भनिरोधासाठी आपल्या नियमावर भिस्त ठेवणे त्यांना पसंत नव्हते. तथापि जगात त्याचा प्रसार झाला तो गर्भनिरोधाची पद्धती म्हणूनच. पोप अकरावे पायस यांच्या १९३० च्या अखेरच्या धर्मपत्राने कृत्रिम साधनांचा निषेध केला व त्यामुळे कॅथलिक पंथीयांना या पद्धतीचे महत्त्व वाटू लागले. लिओ लॅट्झ या शिकागोच्या डॉक्टरांच्या १९३२ मधील पुस्तकामुळे तिला ‘ऱ्हिदम’ हे नाव रूढ झाले.

प्रचलित सूत्रानुसार सहा ते बारा चक्रांची नोंद ठेवून सर्वांत लहान चक्राच्या दिवसांतून १८ व सर्वांत मोठ्या चक्राच्या दिवसांतून ११ वजा करतात. चक्रे २६ ते ३१ दिवसांची असल्यास आठवा ते विसावा हे दिवस असुरक्षित ठरतात. हीच चक्रे २४ ते ३८ दिवसांची असल्यास सहाव्यापासून सत्ताविसाव्यापर्यंत बावीस दिवस वर्ज्य करावे लागतात. म्हणजे चक्र जितके अनियमित, तितका या सूत्राचा उपयोग कमी.

महाराष्ट्रातील संततिनियमनाची चळवळ : रघुनाथ धोंडो कर्वे (१८८२–१९५३) यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. लंडनमधील मारी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे आहे. कर्वे यांचे संततिनियमन : विचार आणि आचार हे पुस्तक १९२३ मध्ये प्रसिद्ध झाले, म्हणजे ओगिनो यांचे संशोधन जपानी भाषेत प्रसिद्ध होण्यापूर्वीच. त्या वेळी ‘सुरक्षित काळा’विषयीचे उपलब्ध ज्ञान चुकीचे असल्याने साधनांच्या वापरावर भर देणे हाच व्यवहार्य मार्ग होता. कर्वे यांना विल्सन महाविद्यालयातील गणिताच्या प्राध्यापकाची जागा १९२५ मध्ये सोडावी लागली. त्यांनी १९२७ ते १९५३ या काळात चालविलेल्या समाजस्वास्थ्य मासिकात वाचकांच्या लैंगिक शंकांना स्पष्ट उत्तरे दिली जात. या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. त्यात कर्वे यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली (१९३४). शरीरविषयक माहिती मराठीत छापणे हाच जेथे गुन्हा ठरू शकत होता, तेथे ऋतुचक्राचे ज्ञान स्त्रियांपर्यंत पोहोचणे कठीण होते. पुण्यात शकुंतला परांजपे यांनी पुढे हे कार्य दीर्घकाळ केले.

वर्धा येथे डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर व महात्मा गांधी यांची भेट झाली. गांधीजी ब्रह्मचर्याचा पुरस्कार करीत व कृत्रिम साधने त्यांना अमान्य होती. सँगर यांना तो मार्ग सामान्य जोडप्यांच्या दृष्टीने अशक्य व स्त्रीवर अन्याय करणारा वाटे. या चर्चेचा जो वृत्तांत महादेव देसाई यांनी हरिजन साप्ताहिकात दिला, त्यानुसार अखेरीस गांधीजींनी केवळ सुरक्षित दिवसांत समागम करण्याचा मार्ग आपल्याला कदाचित पटू शकेल, असे म्हटले. कारण असुरक्षित दिवसांत तरी त्यात आत्मसंयमाला वाव होता. पोपचे अनुयायी आणि गांधीजी अशा दोन अगदी भिन्न परंपरांनी एकाच गणनेला संयमाचे साधन म्हणून पाहिले, हे लक्षणीय आहे. या संभाषणाचे पडसाद स्वातंत्र्योत्तर शासकीय धोरणात उमटले.

मण्यांच्या माळेचा प्रयोग : स्वतंत्र भारताच्या पहिल्या आरोग्यमंत्री राजकुमारी अमृत कौर या गांधीजींच्या निकटच्या अनुयायी होत्या. त्यांच्या कारकीर्दीत भारत सरकारच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ मध्ये अब्राहम स्टोन या अमेरिकन डॉक्टरांना पाठविले. पहिल्या पंचवार्षिक योजनेत कुटुंबनियोजनासाठी ६५ लक्ष रुपयांची तरतूद झाली. ऱ्हिदम पद्धतीचे प्रायोगिक अभ्यास दिल्लीतील लोदी वसाहत व म्हैसूर राज्यातील रामनगरम् येथे हाती घेण्यात आले. निरक्षर स्त्रियांना दिवस मोजता यावेत म्हणून सुरक्षित व असुरक्षित दिवसांसाठी निरनिराळ्या रंगांचे मणी ओवलेल्या माळा त्यांना देण्यात आल्या. रोज एक मणी सरकवावयाचा, अशी योजना होती. पद्धती शिकण्याची तयारी बऱ्याच स्त्रियांनी दाखविली. पण ती दीर्घकाळ पाळणारी जोडपी फारच थोडी निघाली.

या अपयशाचा दोष पुष्कळदा स्त्रियांच्या अज्ञानावर टाकला गेला. तथापि त्याची अन्य कारणे स्पष्ट आहेत. स्तनपानाच्या काळात चक्र अनियमित असते किंवा मुळीच नसते. वारंवार बाळंतपणे होणाऱ्या स्त्रियांत नियमित चक्रांची सलग नोंद मिळणेच दुर्मिळ होते. शिवाय माळेतील मणी स्त्री सरकवीत असली, तरी त्या मण्याचा अर्थ मानावयाचा की नाही हे पती ठरवीत असे. मुंबईत नोव्हेंबर १९५२ मध्ये भरलेल्या आंतरराष्ट्रीय परिषदेत धन्वंती रामा राव व मार्गारेट सँगर यांच्या पुढाकाराने आंतरराष्ट्रीय कुटुंबनियोजन महासंघाची स्थापना झाली. पुढे भारतीय कार्यक्रमाचा भर साधनांकडे व नंतर शस्त्रक्रियेकडे वळला [→ कुटुंबनियोजन]. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने सक्तीच्या निर्बीजीकरणाची तरतूद असलेले विधेयक संमत केले. राष्ट्रपतींची अनुमती न मिळाल्याने ते अंमलात आले नाही. स्त्रीने दिवस मोजावेत अशी अपेक्षा ठेवून सुरू झालेला कार्यक्रम पाव शतकात शासनाने अपत्ये मोजण्यापर्यंत आला होता.

शारीरिक लक्षणांवरील पद्धती : अंडमोचनानंतर प्रोजेस्टेरॉनमुळे विश्रांत अवस्थेतील शरीराचे तापमान सु. ०·२ ते ०·५° से.ने वाढते. हा द्विस्तर आलेख विसाव्या शतकाच्या आरंभी थिओडोर व्हान डी व्हेल्डी या डच स्त्रीरोगतज्ञांनी नोंदविला. १९३५ मध्ये व्हिल्हेल्म हिलेब्रांट या जर्मन धर्मगुरूंनी तो सुरक्षित काळ ठरविण्यासाठी वापरला. तापमानावरून अंडमोचन होऊन गेल्याचे कळते, होणार असल्याचे कळत नाही. ती उणीव ऑस्ट्रेलियातील जॉन व एव्हलिन बिलिंग्ज या डॉक्टर दांपत्याने १९५३ पासून केलेल्या अभ्यासाने काही अंशी भरून काढली. अंडमोचन जवळ येते, तसा गर्भाशयग्रीवेतील श्लेष्मा (चिकट स्राव) पारदर्शक, निसरडा व ताणला जाणारा बनतो. हा बदल स्त्रीला स्वतःलाच ओळखता येतो.

जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्लंड, बंगलोर, डब्लिन, मॅनिला व सान मिगेल (एल साल्वादोर) या पाच केंद्रांत या पद्धतीची परीक्षा घेतली. शिक्षण कितीही असो वा नसो, नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रियांना पहिल्याच चक्रात श्लेष्म्याचे बदल ओळखून नोंदविता आले. असे असूनही वर्षअखेर गर्भधारणेचे प्रमाण सु. २० टक्के होते आणि त्याचे मुख्य कारण असुरक्षित असल्याचे माहीत असलेल्या दिवसांत नियम मोडला गेला, हे होते. रामनगरम्‌च्या प्रयोगाचा अर्थ या परीक्षेने अधिक स्पष्ट केला : ज्ञान मिळविणे निरक्षर स्त्रीलाही कठीण नव्हते, त्यानुसार वागण्याचे स्वातंत्र्य मिळविणे कठीण होते.

मण्यांची कल्पना पुढे सुधारित स्वरूपात परत आली. अमेरिकेतील जॉर्जटाउन विद्यापीठाच्या संशोधकांनी २६ ते ३२ दिवसांची चक्रे असणाऱ्या स्त्रियांसाठी आठव्या ते एकोणिसाव्या दिवसापर्यंत वर्ज्य काळ सुचविला. त्यासाठी ३२ मण्यांची माळ तयार करण्यात आली : पहिला मणी लाल, पुढचे सहा तपकिरी, नंतरचे बारा पांढरे व उरलेले तेरा तपकिरी, रबराचे कडे रोज एक मणी पुढे न्यावयाचे. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या परीक्षणात नियम काटेकोर पाळणाऱ्यांत वर्षाला पाचांहून कमी व एकूण वापरात सु. १२ टक्के स्त्रियांना गर्भधारणा झाली. झारखंडमध्ये ही माळ ‘मालाचक्र’ या नावाने वापरात आणली गेली.

प्रयोगशाळा व वंध्यत्वचिकित्सा : पोष ग्रंथीतून पीतपिंडकारी हॉर्मोनाचे प्रमाण एकाएकी वाढल्यानंतर सु. २४ ते ३६ तासांनी अंडमोचन होते. रक्तातील व मूत्रातील हे हॉर्मोन मोजण्याच्या रीती निघाल्यामुळे गणनेची जागा प्रत्यक्ष मापनाने घेतली. श्राव्यातीत ध्वनिचित्रणाने पुटकाची वाढही पाहता येऊ लागली. मुंबईच्या परळ भागातील प्रजननविषयक संशोधन संस्था (स्थापना १९७०) व के. ई. एम. रुग्णालय यांच्या सहकार्याने, टी. सी. आनंद कुमार व इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून ६ ऑगस्ट १९८६ रोजी शरीरबाह्य फलनाने झालेल्या बालिकेचा जन्म झाला. अशा चिकित्सेत पक्व अंड नेमक्या वेळी मिळविणे निर्णायक असते. अपत्यहीनतेचा दोष पूर्वी केवळ स्त्रीवर ठेवला जाई. अंडमोचन नियमित असल्याचे दाखविता येऊ लागल्याने पुरुषाचीही तपासणी आवश्यक ठरली.

आधुनिक गणना : एकविसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात मोबाइल फोनवरील उपयोजनांनी (ॲपनी) दिनदर्शिकेची जागा घेतली. त्यांतील बहुसंख्य केवळ पूर्वीच्या तारखांच्या सरासरीवर भाकीत करतात. म्हणजे साधन नवे असले तरी मूलतः पद्धती ओगिनो-क्नाउस यांचीच आहे व तिच्या मर्यादाही त्याच आहेत. तापमानाच्या नोंदीवर आधारलेल्या एका उपयोजनास अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये गर्भनिरोधाचे साधन म्हणून मान्यता दिली. या साधनांनी खाजगीपणाचा प्रश्नही निर्माण केला. फ्लो या उपयोजनाने वापरकर्त्यांची माहिती अन्य कंपन्यांना दिल्याच्या आरोपावरून अमेरिकेच्या संघीय व्यापार आयोगाशी २०२१ मध्ये तडजोड केली. पूर्वी सासूला ठाऊक असणारी तारीख आता दूरच्या व्यापारी संस्थेला ठाऊक असते. भारतात व्यक्तिगत अंकीय माहितीच्या संरक्षणाचा अधिनियम २०२३ मध्ये संमत झाला.

महाराष्ट्रात गौरी-गणपती, लग्नकार्य किंवा तीर्थयात्रा या वेळी पाळी येऊ नये म्हणून हॉर्मोनाच्या गोळ्या घेण्याची प्रथा रूढ आहे. तीत भाकिताचे आधुनिक तंत्र जुन्या अशौचकल्पनेच्या सेवेस लावलेले दिसते. अशा गोळ्या वैद्यकीय सल्ल्याशिवाय घेणे इष्ट नसते. श्रमजीवी स्त्रियांपुढे निराळाच प्रश्न आहे. बीड जिल्ह्यातील ऊसतोड मजूर स्त्रियांत गर्भाशय काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियांचे प्रमाण मोठे असल्याचे २०१९ मध्ये उघडकीस आले व राज्य शासनाने चौकशी समिती नेमली. पाळीच्या दिवसांत कामाचा खाडा पडल्यास होणारी मजुरीची कपात हे त्यामागील एक कारण म्हणून पुढे आले. नाशिक शहरालगतच्या अंबडसारख्या औद्योगिक क्षेत्रांत ‘पाळी’ या शब्दाचे दोन्ही अर्थ एकत्र येतात : कारखान्याची पाळी दर आठवड्याला बदलत असेल व रात्री जागून काम करावे लागत असेल, तर झोपेतील अनियमिततेमुळे शरीराची पाळीही अनियमित होऊ शकते. अशा वेळी सरासरीवर आधारलेले भाकीत चुकते व सकाळच्या तापमानाचा आलेखही विश्वसनीय राहत नाही.

ऋतुचक्राच्या नोंदीचे महत्त्व केवळ प्रजननापुरते मर्यादित नाही. सतत लांबणारी चक्रे, अतिस्राव किंवा पाळी अकाली बंद होणे यांवरून रक्तक्षय, अवटू ग्रंथीचे विकार, अंडकोशातील बहुपुटकविकृती यांसारख्या विकारांचा संशय वेळीच घेता येतो. त्यासाठी महाग साधनांची गरज नसते. घरच्या दिनदर्शिकेवरील खूण पुरेशी होते. मात्र ती खूण स्त्रीने स्वतः केलेली असली पाहिजे, तिचा अर्थ तिला माहीत असला पाहिजे आणि त्यानुसार वागण्याची तिला मोकळीक असली पाहिजे. ऋतुकालगणनेची उपयुक्तता दिवसांच्या अचूकतेइतकीच या तीन गोष्टींवर अवलंबून आहे.